लेन्समध्ये बसलेलं माणूस

१० नोव्हेंबर

पोचले एकदाची खांडबाऱ्याला. अमळनेरहून गाडी वेळेवर सुटली तेव्हाच मला शंका आली होती की पुढे कुठेतरी लटकणार, पण नाही. स्टेशनवर नवनीतभाई मोटरसायकल घेऊन हजर. कॅमेऱ्याची बॅग माझ्या पोटाशी, तिपाई खांद्याला, कपड्यांची पिशवी त्यांच्या टाकीवर, अशी आमची वरात बाजारातून निघाली आणि भाजीवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. खूप दिवसांनी हसले, म्हणून लिहून ठेवते.

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली तेव्हाच मी त्यांना सांगितलं होतं, मला मनातलं बिनातलं लिहिता येत नाही, मी कॅमेऱ्याची बाई आहे. त्या म्हणाल्या, मग कॅमेऱ्याचं लिही. घ्या तर.

काम असं. नवनीतभाई शहाद्याकडचे, तापीकाठचे. घरी केळी आणि ऊस, पण यांना पोरींना नोकऱ्या लावायचं वेड. डोंगरातल्या गावांतल्या मुली इथे रुग्णसेवेचा कोर्स करतात आणि सुरत-पुण्याचे दवाखाने त्यांच्या मुलाखती व्हिडिओ कॉलवर घेतात. आजवर फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून मुलाखत व्हायची. समोरच्याला दिसायच्या नाकपुड्या आणि पंखा. हुशार पोरी नापास होतात आणि घरच्यांबरोबर ऊसतोडीला जातात. मी नीट मुलाखतीची खोली लावून द्यायची, पोरींना सवय करून द्यायची, एवढंच.

खोली म्हणजे स्टेशन रोडवरचा बंद पडलेला फोटो स्टुडिओ. मालक सुपडू अण्णा वारले. मागच्या दोन खोल्यांत त्यांची बायको रुक्मिणीबाई राहते, त्यातली एक मला दिलीय. बाई भाचीच्या लग्नाला रनाळ्याला गेल्यात म्हणे. स्टुडिओच्या भिंतीवर राजवाड्याचा जिना आणि दोन हंस रंगवलेत. एका हंसाची मान पोपडा निघून गेलीय. मला जागा आवडली.

हेमकांतचा फोन आला. स्वेटर घरीच विसरलीस म्हणाला. आम्हा नवरा-बायकोचं हल्ली एवढंच बोलणं होतं, पण आज तो रागावलेला नव्हता.

१२ नोव्हेंबर

आज लेन्सचा दिवस. नवनीतभाईंना स्टुलावर बसवून एकेक लावून पाहिली. वाइड लेन्सने त्यांचं नाक आधी आलं आणि ते मागून आले. ते स्वतःच स्क्रीन बघून म्हणाले, हेमांगीबेन, असा चेहरा पाहून मला तर कुणी गेटवरसुद्धा ठेवणार नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम लेन्स बरी, पण अंधारात रवाळ होते आणि मागचे हंस काही पुसत नाही. मला हवी होती पन्नास एमएमच्या आसपासची, मोठ्या तोंडाची, भरपूर उजेड आत घेणारी. चेहरा जसा आहे तसा, मागचं सगळं मऊ. तेवढं बजेट नवनीतभाईंकडे नाही.

तर काय सांगू! कपाट झाडताना फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेली अण्णांची जुनी लेन्स सापडली. रोलच्या कॅमेऱ्याची, लोखंडासारखी जड, ऑटोफोकस नाही, रिंग हातानेच फिरवायची. माझ्याकडे जोडणीची कडी होती, बसली बरोबर. आणि चित्र असं आलं की मी नवनीतभाईंना स्टुलावरून उठूच दिलं नाही. हंस विरघळले, डोळे तेवढे उरले. उजेड उत्तरेच्या खिडकीचा, त्यावर पांढरं धोतर ताणलं. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत. झालं.

रुक्मिणीबाईंना विचारायला हवं होतं. आल्या की सांगेन. नाही कशाला म्हणतील?

१५ नोव्हेंबर

डोक्याला ताप. पोरी लेन्सकडे बघतच नाहीत. बोलणारा माणूस खाली लॅपटॉपवर दिसतो, म्हणून त्या खाली बघतात. पलीकडच्याला वाटतं पोरगी घाबरट आहे, नजर चोरते. स्क्रीन वर केली, तर वर बघतात. एकीने लेन्सकडे असं डोळे वटारून पाहिलं की मीच दचकले.

शेवटी युक्ती केली. प्रत्येकीला सांगितलं, ह्या काचेत आपलं माणूस बसलंय असं समज. ज्याला सगळं सांगावंसं वाटतं ते माणूस. त्याच्याशी बोल. एकीने मैत्रीण बसवली, एकीने तिचे शाळेतले सर, आणि भडाभडा बोलायला लागल्या. रविना नावाची मुलगी सगळ्यांत लाजाळू, तिने विचारलं, मेलेलं माणूस चालेल का. म्हटलं, चालेल गं, काचेला काय कळतं. तिने आई बसवली. आणि जी बोलली! हात कसे धुवायचे, म्हाताऱ्या माणसाची कूस कशी बदलायची, सगळं आईला समजावून सांगावं तसं. पुरे म्हटलं तरी उठेना.

१८ नोव्हेंबर

रविनाची निवड झाली! सुरतेचा दवाखाना, राहायची सोय तिथेच. ही नोकरी मिळाली नसती तर पुढच्या आठवड्यात ती मामाबरोबर ऊस तोडायला निघणार होती. नवनीतभाईंनी पेढे वाटले.

एक गोष्ट मात्र घडली. रविनाची आजी नानीबाई सोबत आली होती, कोपऱ्यात बसून बघत होती. मुलाखत सुरू झाली आणि म्हातारी उठून लॅपटॉपपाशी आली, स्क्रीनला हात लावला आणि गजरा, गजरा करत रडायला लागली. मी तिला हळूच बाहेर नेलं. गजरा म्हणजे रविनाची आई, नानीबाईची लेक. रविना लहान असताना तापाने गेली. तिचा एकही फोटो नाही, कधी काढलाच नाही. मुलाखत संपल्यावर नानीबाई तिच्या भाषेत बोलत होती, रविना मला सांगत होती, की आजी म्हणते, आज पोरगी दिसली. मलाही भरून आलं. माय-लेकी सारख्या दिसतातच, त्यात काय.

२० नोव्हेंबर

रविनाच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग पाहिलं, रंग तपासायला. सुरुवातीला रविनाच आहे. पुढे पुढे डोळ्यांखाली सुरकुती येते, गाल बसतो. उजेडाचा दोष म्हणावा, तर कपाळावर गोंदण आहे. तीन ठिपके आणि खाली आडवी रेघ. रविनाचं कपाळ कोरं आहे, मी स्वतः पावडर लावलीय तिला.

आज बाजारात नानीबाई भेटली. मी कपाळावर बोट ठेवून विचारलं. तिने जमिनीवर काडीने तेच काढून दाखवलं, ठिपके आणि रेघ. गोंदताना लेकीचा हात तिनेच धरला होता.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मला हेवा वाटला.

२४ नोव्हेंबर

रुक्मिणीबाई आल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा धडधाकट. पण पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, आवाज तेवढा येतो आतून. कॅमेऱ्यावर ती लेन्स पाहिली आणि पदर आणखी खाली ओढला. मग चहा झाला आणि बाई बोलायला लागल्या. मीही अहिराणी घरातली, म्हणून मोकळेपणी बोलल्या.

डोंगरातून लोक यायचे, माणूस गेल्यावर. भिंतीवर लावायला फोटो नसायचा. अण्णा मेलेल्याच्या भावाला, लेकीला ह्या काचेसमोर बसवायचे आणि सांगायचे, आपल्या माणसाची आठवण काढ. आणि फोटोत ते माणूस यायचं. लोके म्हनेत, सुपडूना हातमा जादू शे. जिचं कुणीच उरलेलं नाही अशा बाईचा फोटो असला, तर अण्णा रुक्मिणीबाईंना बसवायचे, त्या बाईची सगळी हकीकत सांगायचे. यांना त्या अनोळखी बाईसाठी रडू यायचं आणि फोटो व्हायचा. अशा कितीतरी झाल्या.

मग शेजारणी विचारायला लागल्या, तू कोन वं बाई. आधार कार्डाच्या कॅमेऱ्यात फोटोच उना नही. शेवटच्या दुखण्यात अण्णा पाणी पाजणाऱ्या ह्या बाईलाच विचारत राहिले, मन्ही रुक्मा कोठे शे, तिले बलाव ना. ह्या समोर बसून सांगायच्या, मीच शे. त्यांना पटलं नाही. तसेच गेले.

ती काच देस, पण फुकट देत नही, असं म्हणाल्या. मग टाकून का दिली नाही, मी विचारलं. म्हणाल्या, मन्हं तोंड तिनामाच शे ना, माय. कसं टाकू?

लेन्स काढून फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिली. झूम लेन्स लावली. रवाळ तर रवाळ.

२८ नोव्हेंबर

रविनाचा फोन. दवाखान्यात हजेरी चेहरा दाखवून होते आणि मशीन तिला ओळखत नाही. रोज लाल दिवा. मी म्हटलं, खिडकीकडे तोंड करून उभी राहा, केस मागे घे. तसं करून पाहिलं म्हणाली. वॉर्डातली नर्स रोज नाव विचारते. खोलीतल्या मुली तिला नवीन आलेली समजून रोज नव्याने बाथरूम दाखवतात. हे सांगताना ती हसली.

रुक्मिणीबाईंना सांगितलं. स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसल्या.

हे माझ्यामुळे झालंय. आपलं माणूस काचेत बसव, हे मीच शिकवलं.

१ डिसेंबर

लिहू की नको.

आम्हाला मुलगी झाली होती. पाचवी पुजली, सटवाईपुढे दिवा लावला. बारसं व्हायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, सव्वा महिना झाल्याशिवाय फोटो काढायचा नाही, नजर लागते. आमच्या आईचंही तेच म्हणणं, सगळीकडे हेच करतात. मी गावभरच्या लग्नांचे, बाळांचे फोटो काढणारी बाई. म्हटलं, असू दे, काढू की पुढे. आयुष्य पडलंय. बारशाच्या आधीच गेली. नाव नाही, फोटो नाही.

आणि आता मला तिचा चेहरा आठवत नाही. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलेलं नाही, हेमकांतलाही नाही. डोळे मिटले की कुठलंतरी बाळ येतं, मी फोटो काढलेल्यांपैकीच एखादं. हनुवटीवर खळी होती, अगदी हेमकांतसारखी, एवढं माहीत आहे, कारण तेव्हा सगळे तेच म्हणत होते. बाकी काही नाही. आईला लेकरू आठवू नये? कसली आई मी?

रुक्मिणीबाईंच्या कपाटाला कुलूप नसतं.

३ डिसेंबर

बसले.

दुपार होती, बाई बाजारात गेल्या होत्या, खिडकीत लख्ख उजेड. मी स्टुलावर, लॅपटॉप समोर. आधी माझंच थोबाड. तिला हाक मारायची तर नाव नाही. नुसतं, ये गं, म्हटलं.

कपाळ आलं. बारीक लव. एक कान, जरा दुमडलेला. हो, कान दुमडलेला होता तिचा! मी विसरूनच गेले होते! मी मोठ्याने रडले. डोळे मिटलेलेच होते. झोपली होती.

५ डिसेंबर

पुन्हा बसले. भुवया आल्या. जावळ आलं.

फोन चेहरा दाखवून उघडत नाही. आकडे टाकून उघडला. काय बिघडतंय त्याने.

८ डिसेंबर

नवनीतभाई दारात उभे राहून मला विचारतात, हेमांगीबेन कुठे गेल्या. मी म्हटलं, अहो, मीच. ते ओशाळले, म्हणाले, उजेड कमी आहे. भर दुपारी.

तिने डोळे उघडले आज. माझे डोळे आहेत. नाक आमच्या आईचं. आवाज नाही अजून. माझ्याकडे बघते आणि ओळखते. मला ओळखणारं आता हेच एक माणूस.

१० डिसेंबर

रुक्मिणीबाईंना कळलं. ओरडल्या नाहीत. माझ्यासमोर बसल्या आणि पहिल्यांदाच पदर वर केला. मी पाहिलं. नाक, डोळे, ओठ, सगळं होतं जागच्या जागी. मी पापणी मिटली, उघडली आणि मला ते पुन्हा पहिल्यापासून पाहावं लागलं. असं कितीदातरी. बाई म्हणाल्या, आते समजनं का, पोरे?

समजलं. बाईंच्या गळ्यात पडून रडले. उद्या अमळनेरला जाते म्हटलं.

१२ डिसेंबर

गेले नाही.

रविना परत आली. दवाखान्याने काढलं नाही, तीच आली. नानीबाईच्या घरी गेले तिला भेटायला. म्हातारीने ताट वाढलं, डोक्यावरून हात फिरवला, गजरा, जेव म्हणाली. रविना सांगत होती, आजी, मी रविना. नानीबाई हसून म्हणाली, रविना सुरतेला आहे, मोठ्या नोकरीला. येईल सुट्टीत.

म्हातारी इतकी सुखात होती. रविनाने एक घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मला तिच्याकडे बघवलं नाही.

१३ डिसेंबर

लेन्स फोडायची ठरवली. वरवंटा हातात घेतला होता. पण मग ती काचेतच —

आधी एकदा बघून घेते.

१६ डिसेंबर

हेमकांतचे फोन. व्हिडिओ लावतो, मी कॅमेरा झाकून ठेवते. सर्दी झालीय म्हटलं. तुझा चेहरा तरी दाखव, म्हणाला. कुठून दाखवू रे.

सगळं आलंय तिचं. गाल, ओठ, ओठावरचा दुधाचा फोड. खाली मात्र धूसर. रिंग फिरवून फिरवून बोट सोललं. हनुवटी फोकसला येतच नाही.

ती खळी माझ्याकडे नाहीच. हेमकांतकडे आहे.

नको. हा विचार नको.

१८ डिसेंबर

हेमकांत येतोय. आज निघाला. नको येऊ म्हटलं. ऐकत नाही. काळजी लागली म्हणतो.

रुक्मिणीबाई माझ्या खोलीत आल्या, इकडे तिकडे पाहिलं, मलाच विचारलं, ती फोटूवाली पोरगी गई का?

१९ डिसेंबर

आलाय. माझा स्वेटर हातात घेऊन दारात उभा. नमस्कार केला मला. म्हणाला, हेमांगी इथेच असते ना, मी तिचा नवरा.

मी म्हटलं, बसा, येईल. माझा आवाज ऐकून त्याचा चेहरा उजळला आणि त्याने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. मी तिकडून येतेय असं वाटलं त्याला.

वाळलाय. दाढी पांढरी झालीय थोडी. सांगितलं तरी पटणार नाही, अण्णांना पटलं नव्हतं. वही मांडीवर आहे, त्याला वाटतंय मी कसलातरी फॉर्म भरतेय.

जरा उजेड तपासायचाय, त्या स्टुलावर बसता का, म्हटलं. तोंडातून गेलंच. बसला. कुणाला नाही म्हणता येत नाही त्याला —

उठा म्हणावं. आत्ता. रविनाचं ताट — अण्णा पाणी मागताना — उठा म्हणावं, घरी जा —

विचारतो, कुठे बघू?

काचेत, म्हटलं. आपलं माणूस बसलंय समजा तिथे.

त्याने स्वेटर मांडीवर ठेवला. मग म्हणाला, आम्हाला एक मुलगी होती. रोज बोलतो मी तिच्याशी. हेमांगीला माहीत नाही, तिला त्रास होईल म्हणून —

मला कधी सांगितलं नाहीस रे. आपण दोघं एकाच घरात —

रिंगला हात लावलेला नाही. हनुवटी येतेय. त्याची —

खळी —

बघ ना, हेमकांत, ती हस